फाटकवाल्याचं घर

आमच्या गल्लीत एकाच घराला फाटक नव्हतं आणि ते घर एका फाटकवाल्याचं होतं. हे वाक्य मी बालाघाटात पुष्कळांना हसत हसत सांगितलेलं आहे. आता हसू येत नाही, पण त्यांच्याबद्दल सांगायला दुसरी सुरुवातही सुचत नाही.

ते रेल्वेत गेटमन होते. तिरोडीहून मँगनीज भरलेल्या मालगाड्या तुमसरकडे जातात, त्या लाईनवरच्या एका फाटकावर त्यांची बहुतेक नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या कॉलनीत कोपऱ्यावरचा प्लॉट घेतला आणि दोन खोल्यांचं घर बांधलं. गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, त्यांच्या पत्नीला काकी. मीही तेच म्हणायचो. त्यांचं घर सोडलं तर आमच्या गल्लीत मराठी बोलणारा मी एकटाच. माझे आजोबा तुमसरकडून आलेले, काकाजींचं गाव कटंगीच्या अलीकडे. माझी मुलं घरात हिंदी बोलतात, बायकोही आता हिंदीतच भांडते. त्यामुळे मी बँकेतून येताना दिसलो की काकाजी अंगणातूनच हाक मारायचे, "या बापू, दोन शब्द बोलून जा. तोंड आंबलं."

काकाजींना रस्ता साधा ओलांडता येत नसे. दुपारच्या रिकाम्या रस्त्यावरही ते थांबत, एकीकडे बघत, दुसरीकडे बघत, पुन्हा पहिल्या बाजूला बघत आणि मग पाऊल टाकत. ट्रक, ट्रॅक्टर, शाळेची बस, काहीही मोठं घरासमोरून गेलं की हातातलं काम टाकून रस्त्याच्या कडेला येऊन ताठ उभे राहायचे आणि गाडी पूर्ण जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मागचं चाक जाईपर्यंत पाहायचं असते, बापू. गाडी ठीक चालली का नाई ते समोरून समजत नाई, मागून समजते."

या सवयीचा त्रास एकदा आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांना झाला. ते सहकुटुंब लग्नाला निघाले होते. गाडीच्या दारात बाईंच्या साडीचा पदर अडकून बाहेर रस्त्यावर लोळत चालला होता. काकाजींनी खांद्यावरचा लाल गमछा काढला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि चालत्या गाडीसमोर उभे राहिले. गाडी करकचून थांबली. काकाजींनी दार उघडलं, पदर आत ठेवला, दार लावलं, बाजूला झाले आणि हात हलवून म्हणाले, "मोकळं हाये, जा." सगळी गल्ली बघत होती. अध्यक्षांनी आभार मानले नाहीत. ते विसरलेही नाहीत.

"मोकळं हाये, जा" हे त्यांचं पेटंट वाक्य. कोणी निरोप घेतला की तेच, पोरगं परीक्षेला निघालं की तेच, काकींनी ताट वाढून ठेवलं आणि पाहुणा संकोचून बसला तरी तेच. त्यांच्या घराला कुंपण नव्हतं. मुरूम टाकलेलं अंगण रस्त्यापासून सुरू व्हायचं आणि मागच्या दवाखान्याच्या रस्त्याला जाऊन मिळायचं. त्यामुळे शाळेची मुलं, दूधवाला, खैरलांजीच्या बसमधून उतरून पेशंटला बघायला निघालेली माणसं, सगळी त्यांच्या अंगणातून आडवी जायची. कोणी आत पाय टाकताना थबकलं की खाटेवरून आवाज यायचा, "मोकळं हाये, जा."

आता कॉलनीचं ऐकलं पाहिजे. आमची समिती काही दुष्ट लोकांची नव्हती, आणि मी तिचा सचिव होतो. नियम असा होता की प्रत्येक घराला छातीएवढी भिंत असावी, दोन पल्ल्यांचं लोखंडी फाटक असावं, त्याला चॉकलेटी रंग असावा आणि ते लावलेलं असावं. हा नियम उगाच झाला नव्हता. मोकाट जनावरं येऊन कुंड्या खायची. एका घरासमोरून मोटरसायकल चोरीला गेली होती. काकाजींच्या शेजारच्या शिक्षिकाबाई एकट्या राहायच्या, आणि त्यांच्या मागच्या दारापर्यंत कोणीही अनोळखी माणूस काकाजींच्या अंगणातून चालत येऊ शकत होता. त्या एकदा सभेत रडल्या होत्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. मी हे लिहून ठेवतो आहे, कारण पुढे जे झालं त्याचा दोष नियमावर टाकून मला सुटायचं नाही.

सभेत सगळं हिंदीत चालायचं. अध्यक्ष मला म्हणाले, "आप तो उनकी भाषा जानते हैं, आप ही समझाइए." भाषा जाणतो म्हणून मी गेलो.

हिवाळ्याची सकाळ होती. काकाजी अंगणात खाटेवर ऊन खात पडले होते. मी नियम सांगितला, जनावरांचं सांगितलं, शिक्षिकाबाईंचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाईंच्या बाजूनं भिंत घालायला ते लगेच तयार झाले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी ती घातलीही. पण रस्त्याकडे फाटक नको म्हणाले.

मी म्हणालो, "काकाजी, तुम्ही तर आयुष्यभर नियमानं वागलात. मग एवढ्याशा नियमाला काहून अडून बसता?"

"नियमाले मी नाई म्हनत नाई," ते म्हणाले. "म्या नियम पाळला, म्हणून तं सांगून राह्यलो."

मग त्यांनी मला त्यांच्या आईचं सांगितलं. त्यांच्या गावाची वस्ती लाईनच्या एका अंगाला आणि नाल्याकाठचं मसण दुसऱ्या अंगाला. मध्ये त्यांचंच फाटक. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा ते ड्यूटीवर होते. स्टेशनमास्तरांनी रिलीव्हर पाठवतो म्हणून सांगितलं. फाटकावर बदली माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर गेटमनला जागा सोडता येत नाही. रिलीव्हरला उशीर झाला. तिकडे घरी दिवस कलायला लागला म्हणून लोक निघाले. आईला खांद्यावर घेऊन भाऊबंद फाटकाशी पोचले, तेव्हा मालगाडी सुटल्याचा फोन येऊन गेला होता आणि फाटक लागलेलं होतं.

"भाऊ म्हणे, खोल. गाडी अजून दिसत नाई. अन् खरंच दिसत नोती. पण फोन आल्यावर खोलता येत नाई, बापू." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मंग त्याईनं मायले तिथंच खाली ठेवलं, फाटकापाशी. विसावा तिथंच झाला. ते तिकून अन् मी इकून. हातात झेंडी. गाडी लांब होती लय. सारे डबे जाईपर्यंत मी गाडीकडंच पाह्यत होतो. मायकडं नाई पाह्यलं. ड्यूटीवर गाडीकडंच पाह्यचं असते."

गाडी गेली, त्यांनी फाटक उघडलं, माणसं पुढे गेली आणि ते तिथेच राहिले. रिलीव्हर आला तेव्हा नाल्याकडे धूर दिसत होता.

"साहेबानं शाबासकी देल्ली," काकाजी म्हणाले. "बरोबरच हाये, चूक नोती केली म्या. पण तवाच ठरवलं, आपल्या घराले फाटक नाई पायजे. ड्यूटीवर नियम. घर म्हंजे काही ड्यूटी नोहे."

मी चहा पिऊन उठलो. ते म्हणाले, "मोकळं हाये, जा."

हे सगळं मला माहीत होतं. मला कोणी अंधारात ठेवलं नव्हतं, हेच मला सांगायचं आहे.

समितीत मी जाऊन एवढंच सांगितलं की म्हातारे तयार नाहीत, थोडं भावनेचं आहे. आईची गोष्ट सांगितली नाही. हिंदीत ती कशी सांगायची हे मला कळेना, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे सभेत त्या गोष्टीला कोणी हसेल आणि मग मला त्यांची बाजू घ्यावी लागेल, याची मला भीती होती. पुढे नगरपालिकेकडून कॉलन्या बघायला माणसं येणार अशी बातमी आली. अध्यक्ष म्हणाले, सगळी ओळ चॉकलेटी आणि कोपऱ्यावर भगदाड, कसं दिसेल? तेव्हा मधला मार्ग मीच सुचवला. काकाजींना एक पैसा खर्च पडू नये. समितीनंच पुढची भिंत घालून फाटक बसवून द्यावं, म्हणजे कोणाचं मनही दुखणार नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला स्वतःलाही मी फार समजूतदार वाटलो.

काकाजी आणि काकी नातीच्या बारशाला कटंगीला मुलीकडे गेले होते. तेवढ्यात काम उरकलं. खांब मीच उभा राहून गाडून घेतले.

ते परत आले तेव्हा मी माझ्या व्हरांड्यात होतो. ऑटो कोपऱ्यावर थांबला. काकाजी उतरले आणि फाटकासमोर थांबले. पल्ले लागलेले होते. मला वाटलं, चिडतील, मला हाक मारतील, शिव्या देतील. लाईन मोकळी होण्याची वाट बघत माणसं सायकल धरून उभी राहतात ना, तसे ते स्वतःच्या घराबाहेर उभे राहिले. ऑटोवाला पिशव्या धरून ताटकळला. शेवटी काकी म्हणाल्या, "चला ना, कोनाची वाट पाह्यता?"

तेव्हा त्यांनी दोन्हीकडे बघितलं, पल्ले उघडले, काकींना आत सोडलं, ऑटोवाल्याला आत सोडलं, तो बाहेर आल्यावर पल्ले लावले. स्वतः मात्र फाटकाशीच थांबले. थोड्या वेळानं आतून स्टूल आणून तिथे बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाताना बघितलं तर ते तिथेच होते. अंगात जुना खाकी शर्ट, शेजारी गुंडाळलेल्या दोन झेंड्या. मी जवळ जाऊन म्हणालो, "काकाजी, बसून काय राहिलात? हे घराचं गेट आहे. रेल्वेचं नाही."

"फाटकाले काय मालूम, घराचं हाये का रेल्वेचं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "फाटक हाये मंग फाटकवाला पायजे. बिना माणसाचं फाटक सोडून जाता येत नाई."

मला वाटलं, हा टोमणा आहे, दोन-चार दिवस चालेल. पण तो टोमणा नव्हता. शाळेची बस आली की ते पल्ले लावून हिरवी झेंडी धरून उभे राहत, बस गेली की पल्ले उघडत. जेवण तिथेच, दुपारची डुलकीही तिथेच, तीही बसल्या बसल्या. पूर्वी सकाळी उठून न सांगता वैनगंगेवर जायचे, कधी मनात आलं तर भावाकडे खैरलांजीला जाऊन धानाच्या बांधीत रोवणीला उभे राहायचे, उन्हात अंगणाच्या मधोमध पाय पसरून झोपायचे. ते सगळं बंद झालं. पायांना सूज आली. डोकं फिरलं असावं असं गल्ली म्हणू लागली. काकींनी मला ठणकावून सांगितलं, "डोकं ठिकाणावर हाये त्याईचं. भाजीत मीठ कमी पडलं तं अजूनई समजते. हे डोक्याचं नोहे."

कॉलनीची मात्र चंगळ झाली. अनोळखी माणसाला काकाजी नाव-गाव विचारत, जनावर आलं की हाकलत. फुकटचा चौकीदार मिळाला म्हणून सगळे खूश. पंधरा ऑगस्टला समितीनं त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. भाषण मी केलं. शिस्त, कर्तव्य असे शब्द मी त्यात वापरले. काकाजी सत्काराला मंडपात आले नाहीत, कारण फाटक सोडता येत नव्हतं. मग अध्यक्ष शाल घेऊन त्यांच्या स्टुलापाशी गेले आणि तिथे फोटो निघाला. त्या फोटोत मीही आहे.

सत्कारानंतर मी फाटक काढायचा विषय समितीत काढून पाहिला. अध्यक्ष म्हणाले, आता कशाला? सगळं इतकं छान चाललंय. शिक्षिकाबाईंनी माझ्या बाजूनं हात वर केला, बाकी कोणी नाही. बाई नंतर मला म्हणाल्या की त्यांना भिंत पुरेशी होती, रस्त्याकडचं फाटक त्यांनी मागितलंच नव्हतं. हे मी त्यांना आधी कधी विचारलंच नव्हतं.

थंडी सुरू झाली आणि एक दिवस काकी आमच्याकडे आल्या. बसल्या नाहीत. नातीचं जावळ होतं रविवारी, कटंगीला. नातीचं नाव काकाजींनीच ठेवलेलं, बारशानंतर तिला परत बघितलेलं नव्हतं. मुलगी रोज फोनवर रडत होती. काकाजी जायला तयार नव्हते. फाटक कोणाच्या भरवशावर सोडू, हा एकच प्रश्न. काकी स्वतः बसते म्हणाल्या तर म्हणाले, घरचं माणूस चालत नाही, रिलीव्हर पाहिजे.

"तुमीच लावलं ते," काकी म्हणाल्या. "आता तुमीच सोडवा त्याईले."

माफी मागायचे विचार मी कितीदा केले होते. पण काकाजींना माझी माफी नकोच होती. त्यांना काय हवं होतं ते काकी जाता जाता सांगून गेल्या होत्या.

रविवारी सकाळी मी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून त्यांच्या फाटकाशी गेलो. नुसता जाऊन बसलो असतो तर त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं असतं. म्हणून मी स्टुलासमोर सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "काकाजी, मी रिलीव्हर आलो. चार्ज द्या."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. चेष्टा आहे का, ते बघत असावेत. मी हसलो नाही. मला हसू येण्यासारखं नव्हतंच.

"उशीर केला बापू," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. मग स्टुलाला हात टेकवून हळूहळू उठले. फाटकाचे दोन्ही पल्ले उघडून दाखवले, लावून दाखवले, पुन्हा उघडले. झेंड्या उलगडून दाखवल्या, लाल आणि हिरवी, आणि माझ्या हातात दिल्या. कुलपाची चाबी दिली. "शाळेची बस आज नाई, इतवार हाये. दूधवाला येऊन गेला. लाईन साफ. सारं ठीक." मग माझ्या तोंडाकडे बघत थांबले. काय अपेक्षित आहे ते मला कळेना. काकी पायरीवरून हळूच म्हणाल्या, "घेतला म्हना."

"चार्ज घेतला," मी म्हणालो.

त्यांनी खाकी शर्टाची वरची गुंडी काढली. आत गेले, पांढरा सदरा घालून बाहेर आले. पिशवी काकींनी आधीच भरून ठेवलेली होती. दोघं फाटकातून बाहेर पडले, आणि पहिल्यांदाच मी बघितलं, काकाजींनी रस्त्यावर डावी-उजवीकडे पाहिलं नाही. सरळ चालत गेले. ते वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिलो, कारण मागचं चाक जाईपर्यंत बघायचं असतं.

संध्याकाळी ते येतील म्हणून मी दिवसभर तिथेच बसलो. माझी बायको जेवणाचा डबा घेऊन आली आणि तो स्टुलाशेजारी ठेवून परत गेली. संध्याकाळी मुलीचा फोन आला. बाबा जेवून अंगणात पडले ते गाढ झोपले आहेत, उठवायची हिंमत होत नाही, आज ठेवून घेते. मग ते दुसऱ्या दिवशीही राहिले, पुढचा महिनाही राहिले. आता तिकडेच असतात. मुलीच्या घराला अंगण आहे, पुढे शेत आहे, फाटक नाही.

सचिवपद मी सोडलं. काकाजींचं घर बंद आहे, पण फाटक मी उघडं ठेवतो. रोज सकाळी बँकेत जाण्याआधी दोन्ही पल्ले पार मागे नेऊन विटा लावून येतो. समितीनं आता पगारी चौकीदार ठेवला आहे, तो संध्याकाळी पल्ले लावतो. मी सकाळी पुन्हा उघडतो. नव्या सचिवांनी मला नोटीस पाठवली. तिची भाषा ओळखीची वाटली, कारण नोटिशीचा तो मसुदा माझाच होता, फक्त नाव बदललं होतं. मी त्यांना जाऊन सांगितलं की घर माझं नाही हे खरं, पण त्या फाटकाचा चार्ज माझ्याकडे आहे, आणि मला अजून कोणी रिलीव्ह केलेलं नाही. ते तरुण आहेत. त्यांनी माझ्याकडे गल्ली काकाजींकडे बघायची तसं बघितलं.

शाळेची मुलं पुन्हा तिथून आडवी जायला लागली आहेत. पूर्वीची मोठी झाली, ही नवी आहेत. काही जणं चॉकलेटी पल्ल्यांपाशी येऊन थबकतात, माझ्याकडे बघतात. मला अजून ते वाक्य त्यांच्यासारखं म्हणता येत नाही. मी नुसती मान हलवतो आणि ती पळत जातात.

रविवारी मी कटंगीला फोन लावतो. तब्येत, पाऊसपाणी, नात, हे सगळं नंतर. काकाजींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"फाटक?"

"उघडं आहे, काकाजी."

"कोनी अटकलं तं नाई?"

"नाही."

पलीकडे नातीचा आवाज येत असतो, कुठेतरी भांडं पडतं. मग ते म्हणतात, "मंग जा बापू, जेवून घ्या. मोकळं हाये."

मी हौ म्हणतो आणि फोन ठेवतो. पण लगेच उठत नाही.